नवसागराचा धूर

वास आधी आला. घशाला खवखव लावणारा, डोळे बारीक करायला लावणारा. गेल्या चाळीसेक वर्षांत तो माझ्या वाटेला आला नव्हता, तरी पाय आपोआप थांबले. इस्फहानमध्ये नक्श-ए-जहाँ मैदानाच्या कडेला तांबटांची गल्ली आहे, तिथली ही गोष्ट. दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. सोबतची मुलगी मला काहीतरी समजावून सांगत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. त्या कल्लोळात, खाटेएवढ्या रुंदीच्या एका दुकानातून पांढरा धूर बाहेर येत होता.

“कल्हई!” मी मराठीतच ओरडले.

दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली, काहीच कळलं नाही अशा चेहऱ्याने हसले आणि पुन्हा खाली बघून कामाला लागले. काम थांबवण्यासारखं नव्हतंच. कल्हईला एकदा भांडं तापलं की ते कुणासाठी थांबत नाही.

माझं लहानपण पुण्यात कसबा पेठेत गेलं, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. वर्षातून दोनदा कल्हईवाला वाड्यात यायचा. चौकात जमिनीत छोटा खड्डा करून, त्याला भात्याची नळी जोडून त्याचा संसार मांडला की आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून बसायचो. आजी आतून पातेली, पराती, तपेली आणून मोजून द्यायची, परत घेतानाही मोजूनच घ्यायची. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, आमटी कळकते, धातू उतरून चव बिघडते, हे तिचं कायमचं पालुपद. मग घरात स्टील आलं. पितळेची भांडी माळ्यावर गेली, तिथून मोडीत. कळकणं ही क्रियाही गेली आणि तिचा शब्दही. माझ्या मुलीला ‘कळकलं’ म्हणजे काय ते सांगताना मला पाच वाक्यं लागली.

तर इस्फहानचे ते उस्ताद. त्यांनी एक खोलगट तांब्याचं भांडं लांब दांड्याच्या सांडशीत धरून विस्तवावर फिरवायला घेतलं. भात्याच्या जागी आता विजेचा छोटा पंखा होता, बाकी सगळं तेच. तांब्याचा रंग बदलला तसा त्यांनी डब्यातून चिमूटभर पांढरी पूड घेऊन आत फेकली. भस्सकन धूर आला. तो विरायच्या आत कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवली, एक थेंब सुटला, आणि हातातल्या कापसाच्या बोळ्याने त्यांनी तो थेंब असा काही फिरवला की पाहता पाहता लालसर तांब्याच्या आत चांदणं पसरलं. मग भांडं पाण्यात. चर्रर्र.

मी सोबतच्या मुलीला म्हटलं, ती पूड कसली ते विचार. तिने विचारलं. उस्ताद म्हणाले, “नोशादोर.”

नवसागर! लहानपणी मला खरंच वाटायचं की नवसागर समुद्रातून येतो. नऊ समुद्र ओलांडून आल्याशिवाय का असं नाव पडेल? इथे कळलं की फारसीतल्या नोशादोरला आपल्या जिभेने वळवून वळवून सागर करून टाकला होता. अर्थ कळेना म्हणून आपण त्याला एक अर्थ बहाल केला. आणि कथील? त्याला ते म्हणाले ‘ग़लअ’. म्हणजे आमची कल्हई. आजी ज्या दोन शब्दांवाचून स्वयंपाकघर चालवू शकली नसती, ते दोन्ही या गल्लीत काळ्या पडलेल्या डब्यांत भरून ठेवलेले होते.

मी कामानिमित्त तेहरानला गेले होते. काम संपल्यावर तीन दिवस हाताशी होते. कामातल्या ओळखीची एक इस्फहानी मुलगी घरी निघाली होती, तिच्यासोबत मी गेले. मशिदी, राजवाडे, पूल बघायचे असं ठरलं होतं. ज़ायंदेरूद नदीवरचा तेहतीस कमानींचा पूल बघितलाही. नदी कोरडी होती आणि मुलं पात्रात खेळत होती. ते बघून मला जरा उदास वाटलं, आणि मग आम्ही बाजारात शिरलो ते शिरलोच.

इराणच्या शाह अब्बासने १५९८च्या सुमारास राजधानी इस्फहानला आणली आणि हे मैदान आखलं. लांबी साधारण ५६० मीटर, रुंदी १६०. भोवती दुमजली कमानींची ओळ, खाली दुकानं. दोन टोकांना पोलो खेळायचे दगडी खांब अजून उभे आहेत. दक्षिणेला निळ्या घुमटाची मोठी मशीद, आणि बरोबर तिच्यासमोर, उत्तरेला, बाजाराचा दरवाजा. देवाच्या समोर दुकान. या रचनेत काहीतरी फार रोखठोक आहे असं मला वाटलं. दरवाजाचं नाव कैसरिये, त्यावर शाह अब्बासच्या उझबेकांशी झालेल्या लढाईचं चित्र, पुसट झालेलं. वरच्या सज्ज्यांत पूर्वी नगारे वाजत. त्या जागेला म्हणत नक्कारेखाने. म्हणजे आपला नगारखाना! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही आहे, त्याखालून मी शाळेच्या सहलीत किती वेळा गेले असेन.

त्या दरवाजातून आत गेलं की आकाश संपतं. वर विटांच्या कमानी, प्रत्येक घुमटीच्या टोकाला एक गोल भोक, आणि त्यातून उन्हाचा खांब तिरका खाली आलेला. बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत माठातल्यासारखा गारवा. कोपऱ्यावरून एखादी मोटरसायकल हॉर्न देत या चारशे वर्षांच्या सावलीत घुसते, माणसं भिंतीला चिकटतात, पुन्हा सुटतात. हा बाजार असाच वळत वळत जवळपास दोन किलोमीटर जातो आणि जुन्या जामे मशिदीपाशी, सेल्जुक सुलतानांच्या काळातल्या शहरात जाऊन निघतो. मशिदीजवळ पुस्तकं, अत्तरं. आवाज करणारे तांबट बाजूला. वास मारणारे चांभारी आणि रंगाऱ्यांचे धंदे कडेला. ही जुन्या बाजारांची सर्वसाधारण रीत.

सतराव्या शतकात शार्दें नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या इथे बरीच वर्षं होता. त्याने शहराची मोजदाद दिली आहे: १६२ मशिदी, ४८ मदरसे, २७३ हमामखाने आणि १८०२ कारवांसराया. शेवटचा आकडा मी पुन्हा वाचला. सोय शहरवासीयांपेक्षा वाटसरूंची जास्त! आकडा थोडाफार फुगवलेला असेल असं धरलं तरी ज्या गावात मशिदींच्या दहापट सराया आहेत त्या गावाचा खरा धर्म कोणता ते सांगायला नको.

माझी गंमत वेगळीच झाली. मला फारसी येत नाही, पण मी ऐकत होते आणि दर दहा पावलांवर कुणीतरी घरातलं भेटत होतं. एकाच धंद्याच्या दुकानांची जी रांग असते तिला म्हणतात ‘रास्ते’. तोच आपला रस्ता. आपण त्यातली दुकानं काढून टाकली आणि नुसतं चालायला ठेवला. दोन रांगा जोडणारी छपराची चिंचोळी वाट म्हणजे ‘दालान’. आपलं दालन चांगलं ऐसपैस, पाहुण्यांना बसवण्याचं. ‘मीवे’ म्हणजे कुठलंही फळ, ताजं रसरशीतसुद्धा. आपल्यापर्यंत पोचेतो ते वाळून सुकामेवा झालं, आणि ते बरोबरच आहे, समुद्रातून टिकून येणार ते वाळलेलंच. ज़र्दआलू म्हणजे पिवळं आलू, आलूबुखारातलं आलू, आपला जर्दाळू. ‘गुलाब’ म्हणजे गुल-आब, फुलाचं पाणी. तिकडे फूल वेगळ्या नावाने ओळखतात, गुलाब म्हणजे नुसता अर्क. आपण त्या अर्काचं नाव फुलाला दिलं आणि मग अर्काला म्हणायला लागलो गुलाबपाणी. पाण्यात पाणी. लग्नात अंगावर शिंपडतात ते एवढं पातळ का असतं याचं हे एक कारण असू शकेल.

सराफाच्या पाटीपाशी मी सोनं शोधत उभी राहिले, तर आत नोटांच्या थप्प्या. तिकडे सर्राफ म्हणजे नाणेवटी, पैसे बदलून देणारा. सोनं घडवणारा तो ज़रगर. आपल्याकडेही मूळ काम नाणं पारखण्याचंच होतं, पुढे सराफ दागिन्यांच्या काचेमागे जाऊन बसले.

हे शब्द आपल्याकडे फक्त बादशहांच्या फौजांबरोबर आले असं आपण शाळेत शिकतो. त्यांच्या आधीपासून ते गलबतांतून येत होते. हुर्मुजहून घोडे भरून गलबतं दाभोळ-चौलला लागत. पंधराव्या शतकाच्या मध्याला असाच एक व्यापारी इराणातल्या गीलानहून निघून दाभोळच्या बंदरात उतरला, तिथून बिदरला गेला आणि बहमनींचा वजीर झाला. तो महमूद गवान. त्याला किताब मिळाला तो ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. १४८१ साली त्याच दरबाराने त्याचं डोकं उडवलं. पण तराजू, हमाल, दलाल, बयाणा, निरख हे राहिले. वरात म्हणजे पैसे देण्याचा हुकूम. जुन्या कागदपत्रांत ‘अमुकावर वरात केली’ असं वाचून मी विद्यार्थिदशेत बराच वेळ नवरदेव शोधला होता.

यावरून एक आठवलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमाराला फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. त्या कोशात एक पण्यवर्गही आहे, बाजारातल्या शब्दांचा. दरबारातले काही शब्द त्यातून रुजले, आज तर आपल्याकडे सचिव आणि मंत्री पैशाला पासरी आहेत. पण बाजारातले? दुकानाला दुकानच म्हणतो आपण. पुढे दरबारातही पेशवा परत आला, चांगला शंभर वर्षं राहिला. विसाव्या शतकात सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला, आणि तो महापौर आज ज्या मंडईच्या उद्घाटनाला जातो तिथे हमाल, दलाल आणि तराजू त्याची वाट बघत असतात.

इराणातही हेच झालेलं आहे, आणि हे ऐकून मला फारच बरं वाटलं. १९३५ साली रझा शाहच्या राजवटीत तिथे भाषेची अकादमी निघाली. अरबी शब्द काढायचे, शुद्ध फारसी घालायचे. नगरपालिकेचं ‘बलदिये’ गेलं आणि ‘शहरदारी’ आलं, न्यायखात्याचं ‘अदलिये’ जाऊन ‘दादगोस्तरी’ आलं. सगळे कचेरीतले शब्द. बाजारात सर्राफ, अत्तार, बज़्ज़ाज़ म्हणजे कापडवाला, दल्लाल, हम्माल, सगळे अरबीच्या घरचे, जिथल्या तिथे गाद्यांवर बसून राहिले. हुकूम कचेरीपर्यंत पोचतो. बाजाराच्या दारात तो चपला काढून बसतो आणि त्याला चहा पाजून परत पाठवतात.

चहा पाजण्यावरून: आम्ही सकाळी कलमकारीच्या दुकानात गेलो होतो. नासपतीच्या लाकडाचे ठसे, त्यावर तळहाताचा दणका, आधी काळी रेघ, मग तांबडा, मग निळा आणि पिवळा. मी एक छोटा रुमाल घेतला. गिऱ्हाईक पहिलंच होतं. दुकानदाराने नोट घेतली, ओठांना लावली, कपाळाला टेकवली आणि मग गल्ल्यात टाकली. मी बघतच राहिले. सोबतची मुलगी म्हणाली, याला ‘दश्त’ म्हणतात, दिवसाची पहिली विक्री. भवानी! मंडईतल्या मावश्या अजून अशीच नोट कपाळाला लावतात. हा शब्द मात्र त्यांचा त्यांच्याकडे, आपला आपल्याकडे. कृती तेवढी एकच निघाली.

पैशाचा गोंधळ मात्र शेवटपर्यंत संपला नाही. निर्बंधांमुळे आपली कार्डं तिथे चालत नाहीत, रोख घेऊनच फिरावं लागतं. नोटेवर छापलेला असतो रियाल. माणसं बोलतात तोमानमध्ये. दहा रियाल म्हणजे एक तोमान. १९३२ सालापासून अधिकृत चलन रियाल आहे आणि तेव्हापासून तोमान नावाचं काही कायद्याने उरलेलंच नाही. पण चहाच्या टपरीपासून गालिच्यांच्या पेढीपर्यंत कुणीही रियालमध्ये भाव सांगत नाही. शब्द मूळचा मंगोल, अर्थ दहा हजार. चंगीझखानाच्या फौजेतली तुकडी तेवढ्यांची असे. फौज गेली, वंश गेला, नाणं गेलं, आणि भाजीवाला अजून तोमान मागतो. २०२० साली तिथल्या संसदेनेच रियालवरची चार शून्यं उडवून चलनाला तोमान म्हणायचा ठराव केला. बाजाराने अठ्ठ्याऐंशी वर्षं धीर धरला आणि सरकार कंटाळून त्याच्याकडे आलं, असं मी तरी ते वाचलं.

इथल्या व्यापाऱ्यांनी सरकारला याहून मोठे धडे दिलेले आहेत. १८९०मध्ये नासिरुद्दीन शाहने सगळ्या इराणच्या तंबाखूची खरेदी, विक्री आणि निर्यात पन्नास वर्षांसाठी टॅल्बट नावाच्या एका इंग्रज मेजरला देऊन टाकली. शेतकऱ्यापासून गुडगुडी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकाच परक्या कंपनीशी व्यवहार करायचा. शिराझ, तबरीझ, इस्फहान, तेहरान, एकामागून एक बाजार बंद पडले. १८९१च्या डिसेंबरात मिर्झा शिराझी या मोठ्या धर्मगुरूंच्या नावाने फतवा निघाला की तंबाखू ओढणं निषिद्ध. देशभर गुडगुड्या थंड झाल्या. खुद्द शाहच्या जनानखान्यात बायका ओढेनाशा झाल्या म्हणतात. महिन्याभरात मक्ता रद्द. पुढे १९०५च्या डिसेंबरात साखर महाग का विकता म्हणून तेहरानच्या सुभेदाराने व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारवले. रशिया-जपान युद्धाने साखर महागली होती, त्याला बिचारे व्यापारी काय करणार. दुसऱ्या दिवशी बाजाराने फळ्या लावल्या. त्या फळ्यांपासून सुरू झालेलं प्रकरण १९०६च्या ऑगस्टमध्ये राज्यघटना आणि संसद मान्य करून घेऊनच थांबलं. पायावरच्या फटक्यांतून संसद! अर्थात हेच बाजारवाले पुढे कधी मुल्लांच्या मागे गेले, कधी दरबाराच्या. त्यांना क्रांतिकारक समजायची चूक मी करणार नाही. दुकान वाचवायला ते दुकान बंद करतात, एवढंच.

दुकान वाचवायचं म्हणजे काय, तेही तिथेच एका गालिचेवाल्याने सांगितलं. बाजारातली कितीतरी दुकानं वक्फची. भाडं नावापुरतं. पण तुम्हाला ते दुकान हवं असेल तर आधीच्या भाडेकरूला एक घसघशीत रक्कम मोजावी लागते, आणि तुम्ही सोडाल तेव्हा पुढच्याकडून घ्यायची. तिला म्हणतात ‘सरकुफ्ली’. सर म्हणजे डोकं, कुफ्ल म्हणजे आपलं कुलूप. मी म्हटलं, ही तर मुंबईची पागडी! गिरगावात माझ्या मावशीने पागडीच्या खोलीत आयुष्य काढलं. त्यांनी कुलपावर डोकं ठेवलं, आपण डोक्यावर पागडी ठेवली, मालकाच्या हाती दोन्हीकडे सारखंच काही नाही. हे मी त्या मुलीला समजावून सांगेपर्यंत गालिचेवाल्याने तिसरा चहा मागवला आणि मला धडकी भरली. तीन चहा प्यायल्यावर गालिचा न घेता उठणं मला जमलं नसतं. उठले कशीबशी. तो म्हणाला, काही हरकत नाही, चहा गालिच्याचा नव्हता, पागडीचा होता.

शिराझला वेळेअभावी जाता आलं नाही, याची चुटपुट आहे. तिथल्या मोठ्या बाजाराचं नाव ‘बाज़ार-ए-वकील’. वकिलांचा बाजार असं ऐकून मला कोर्टाबाहेरची टेबलं दिसायला लागली होती. तो बांधला करीमखान झंदाने, अठराव्या शतकात. त्याने स्वतःला शाह म्हणवून घेतलं नाही, रयतेचा वकील म्हणवलं. तो १७७९ला गेला. आणि १७८४ला महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेला किताब होता ‘वकील-इ-मुतलक’. एकाच शतकात दोन देशांचा कारभार ‘वकील’ बघत होते आणि गादीवरचा बादशहा शोभेला होता. करीमखानाने त्यातून निदान एक बाजार बांधून ठेवला.

मला हिंग हवा होता. हे माझं घरून निघतानाच ठरलेलं. आपला हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो हे लहानपणापासून ऐकलेलं, तर मुळातूनच घेऊ. अत्ताराच्या दुकानात शिरलो. आपल्याकडे अत्तार म्हणजे फाया. तिथे अत्तार म्हणजे काष्ठौषधीवाला. गोणपाटाच्या पोत्यांत वाळक्या गुलाबकळ्या, जिऱ्यासारखी बियाणी, कसल्या कसल्या मुळ्या, काचेच्या कपाटात केशर. मी म्हटलं, हिंग. तो म्हणाला, काय? मुलीने फोनमध्ये शोधून सांगितलं: “आंगूज़े.” अत्ताराच्या भुवया वर गेल्या. मागच्या खोलीतून त्याने एक घट्ट झाकणाचा डबा आणला, दोन हातांनी धरून, एखाद्या तान्ह्या मुलाने लंगोट भरल्यावर धरतात तसा. कशासाठी हवाय, पोटासाठी का? मी म्हटलं, आमटीसाठी. रोज. त्या मुलीने भाषांतर केलं आणि दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. दक्षिणेकडच्या डोंगरात लोक झाडाच्या मुळाला काप देऊन, चीक वाळवून, खरवडून तो गोळा करतात आणि जवळपास सगळा बाहेर पाठवून देतात. इस्फहानच्या स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. ज्यांच्याकडे पिकतो त्यांना तो औषध वाटतो आणि आपल्याला त्याच्याशिवाय वरण लागत नाही.

किती देऊ? मी म्हटलं, थोडा. त्याने विचारलं, एक ‘सीर’? आणि मग उलगडा झाला की तिकडेही चाळीस सीरांचा एक ‘मन’. आपलाही चाळीस शेरांचा एक मण! कोष्टक तंतोतंत तेच. फक्त त्यांचा तबरीझी मन भरतो तीन किलोला थोडा कमी, आणि आपला मण सदतीस किलोच्या आसपास. म्हणजे त्यांचा सीर पाऊणशे ग्रॅम. मी निमूटपणे एक सीर घेतला. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा पिशवी. तरी विमानात माझ्या शेजारच्याने दोनदा जागा बदलून मागितली.

परत निघताना मी हट्टाने तांबटांच्या गल्लीत गेले. पाच वाजत आले होते. ठोके विरळ झाले होते. कल्हईवाले उस्ताद एकटेच बसलेले, विस्तव राखेखाली. त्यांच्या हाताखाली कुणी शागीर्द नव्हता. मुलगा टॅक्सी चालवतो, म्हणाले. लहानपणी ते स्वतः मोठ्या हंड्यांत उतरून, पायाखाली वाळू आणि फडकं घेऊन, कंबर घुमवत भांडी घासायचे. ते कसं, हे त्यांनी बसल्या जागीच खांदे हलवून दाखवलं आणि मग खोकला आला म्हणून थांबले.

मी एक वाटी उचलली. वरून ठोक्यांची नक्षी, आतून नवी कल्हई. किंमत विचारली. ते हात हलवून म्हणाले, “ग़ाबेल नदारे.” तुमच्यापुढे याची काय किंमत. हे म्हणायची रीत आहे, फुकट दिलं असं नाही, एवढं मी तीन दिवसांत शिकले होते. दुसऱ्यांदा विचारलं, तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “ऐंशी.” हजार कुणी बोलत नाही, ते समजून घ्यायचे असतात. मी एक पन्नास हजाराची, एक वीस हजाराची, एक दहा हजाराची अशा नोटा मोजून त्यांच्या ऐरणीपाशी ठेवल्या. त्यांनी मान लववली, छातीवर हात ठेवला. काही बोलले नाहीत. आम्ही निघालो.

कैसरियेच्या दरवाजाखाली आल्यावर मुलीने सहज विचारलं, केवढ्याला पडली? मी सांगितलं. ती जागीच थांबली. ऐंशी हजार तोमान, मावशी. तुम्ही रियाल दिले.

म्हणजे दहावा हिस्सा. मी लाजेने अर्धमेली झाले. आम्ही दोघी उलट्या पावली धावत सुटलो, माझा स्कार्फ खांद्यावर, पिशवीतला हिंग सगळ्या बाजाराला आमची वाट दाखवत. उस्ताद तिथेच होते. माझ्या मघाच्या तीन नोटा ऐरणीपाशी मी ठेवल्या तशाच पडल्या होत्या, फक्त उडू नयेत म्हणून त्यांवर कथलाचा तुकडा ठेवलेला. मी उरलेले पैसे पुढे केले, माफी मागितली, मराठीत, हिंदीत, जमेल तशी. ते म्हणाले, “ग़ाबेल नदारे.” मी म्हटलं, घ्या हो आजोबा. हे त्यांना काय कळलं कोण जाणे.

त्यांनी नव्या नोटा घेतल्या. कथलाचा तुकडा उचलून जुन्या तीन नोटा काढल्या, सगळ्या एकत्र नीट लावल्या. मग ती गड्डी ओठांना टेकवली आणि कपाळाला लावली.

मी मुलीकडे बघितलं. बाहेर मैदानात दिवे लागायला सुरुवात झाली होती.